शेठचे कागद

प्रिय ठमे,

शेठचं खोकं कितीला पडलं, असं तू मागच्या फोनवर विचारलंस. विकतचं घेतलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो, हे आधीच कबूल करून टाकतो. घरी केलेल्याचा खरा खर्च असा: तुझ्या आईच्या कपाटाची अख्खी पाठ, कारण इतका सुकलेला आणि हलका प्लायवूड आता मिळत नाही, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा सलोखा, कारण आमची ठोकाठोकी नेमकी त्यांच्या दुपारच्या झोपेत चालायची, आणि कारखान्यातल्या मिस्त्रीचा माझ्या हातावरचा विश्वास. एवढं घालून जे तयार झालं ते जनावरं विमानाने पाठवणाऱ्या एजंटबाईंनी पहिल्या नजरेत नापास केलं. मग दुसरं केलं. दुसऱ्याला नख गेलं नाही, कारण ते आधीच गेलं होतं.

मिस्त्रीचा विश्वास कसा गेला ते ऐक. तुला माहीतच आहे, मी आयुष्यभर यंत्रांना खोकी केली. पंप, मोटारी, छापखान्याची चाकं, एकदा तर कुठल्याशा दवाखान्यातल्या दात काढायच्या खुर्चीचा अख्खा सांगाडा. आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व, मोकळी जागा म्हणजे मोडतोड. आत माल हलला की फुटला. तेव्हा मी काय केलं, शेठ झोपलेला असताना टेप घेऊन त्याची मापं काढली, चारी बाजूंनी बोटभर फोम धरला आणि खोकं असं घट्ट बेतलं की आत मुंगीने शिंकायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागेल. मिस्त्री दबकत म्हणाला, "मालक, पण त्याला उठून बसायचं झालं तर?" मी म्हणालो, "बसायचंय कशाला, पोचायचंय." हे वाक्य तो आता जन्मभर विसरणार नाही. एजंटबाईंनी खोक्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हा पंप नव्हे. त्याला उभं राहता आलं पाहिजे, स्वतःभोवती फिरता आलं पाहिजे, पाय ताणून पडता आलं पाहिजे. चारी बाजूंनी हवा हवी, आणि पाण्याचं भांडं बाहेरून भरता आलं पाहिजे." परतीच्या वाटेवर मिस्त्रीने टेम्पोत खोक्यातल्या फोमला बोट लावून बघितलं. कारखान्याच्या दारात उतरताना तेवढं म्हणाला, "पंपालासुद्धा आपण एवढं आवळत नाही."

शेठ म्हणजे तू सोडून गेलीस तेव्हाचं ते फडकं चावणारं पिल्लू, हे मलाच कधीकधी खरं वाटत नाही. आता त्याच्या तोंडाभोवती पांढरं झालंय आणि चालताना मागचा उजवा पाय जरा ओढतो. नाव त्याला मिस्त्रीने दिलं. नवीन गिऱ्हाईक आलं आणि "शेठ आहेत का?" म्हणालं की मिस्त्री गंभीर चेहऱ्याने टेबलाखाली बोट दाखवायचा. शेठ मान वर करून बघायचा, धंद्यात अर्थ नाही असं ठरवून पुन्हा झोपायचा. माझ्यापेक्षा त्याचे अंदाज जास्त वेळा बरोबर आले.

तुझ्या तिथल्या कायमच्या राहण्याचं प्रकरण अजून लोंबकळतंय, आणि ते मिटेपर्यंत तू देशाबाहेर पाऊल टाकलंस की फाईल बंद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आईच्या वेळी हेच आडवं आलं. येऊ नकोस, असं तेव्हा मीच तुला सांगितलं. तू फोनवर नळ सोडलास. भांडी घासतेय म्हणालीस, पण भांडं एकही वाजलं नाही. मग आपण ठरवलं, तुला येता येत नाही तर मी येईन. अट माझी एकच होती, शेठ नाही तर मीही नाही. तो तुझ्या आईचा कुत्रा. मी त्याला कुणाच्या दाराशी बांधून येणार नव्हतो. तेव्हा जावईबापू मागून हळूच म्हणाले, "कुत्र्यासाठी एवढा खटाटोप?" फोन टेबलावर ठेवलेला असला तरी मला इकडे ऐकू येतं, हे त्यांच्या कानावर घाल. रागावलो नाही म्हणावं. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन.

आणि मी कसली फुशारकी मारली होती ती आठवतेय? कागदांना घाबरतो तो माझा वैरी, म्हणालो. उभी हयात माल परदेशी पाठवण्यात गेली. विमानतळाच्या मालधक्क्यावर मला अडवणारा अजून जन्माला यायचाय. शेठला मी स्वतः विमानाच्या पोटापर्यंत नेईन, खोक्याचे पट्टे माझ्या हाताने आवळीन, आणि मग वर जाऊन साहेबासारखा खिडकीशी बसेन. तू हसलीस. आई गेल्यानंतर तुझं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, म्हणून आणखी दोन-चार थापा मारल्या.

पण कुत्र्याला दुसऱ्या देशात न्यायचं म्हणजे माणसाचं लग्न ठरवण्यापेक्षा अवघड आहे बघ. लग्नात निदान कोणी रक्त तपासायला मागत नाही. पहिली चूक मी अशी केली, की ठरलं त्याच आठवड्यात शेठला उचलून डॉक्टरांकडे नेलं आणि रेबीजची लस टोचून घेतली. काम आधी, चिठ्ठी मागून. आमच्याकडे खोक्यावरचा क्रमांक सगळ्यात शेवटी रंगवतात. माल भरला, झाकण ठोकलं, पट्टे आवळले की मग ब्रश. मी शेठचंही तसंच करायला गेलो. आणि यांचा नियम बरोबर उलटा. आधी मानेच्या कातडीखाली दाण्याएवढी चिप बसवायची, तिच्यावरचा क्रमांक कागदावर चढवायचा आणि मगच लस द्यायची. त्याआधी दिलेली लस म्हणजे कुठल्यातरी कुत्र्याला दिलेली लस. जनावरांचे डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "टोचली हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, त्याला तर चांगलंच माहीत आहे. पण तिकडच्या साहेबाला माहीत नाही." मग चिप झाली, पुन्हा लस झाली, त्यानंतर थांबून रक्त काढलं आणि ते तपासायला परदेशात गेलं. शेठचं रक्त विमानात बसून आलं, आम्ही दोघं इथेच. अहवाल चांगला आला, तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, हा पुढचा नियम. क्रम चुकला नसता तर हे सगळं थंडीच्या आधीच आटोपलं असतं.

त्या तीन महिन्यांत कारखाना मिस्त्रीच्या नावावर केला. घर सोडलं. सामान वाटून टाकलं आणि कारखान्यामागच्या खोलीत राहायला आलो. खोली बरी आहे. खिडकीतून लाकडाचा ढीग दिसतो, सकाळी यंत्र सुरू झालं की पलंग थरथरतो, आणि मास्तरीणबाई इथे नाहीत हा मोठा फायदा. दुसरं खोकं इथेच केलं. करवत हातात घेतली तर मिस्त्रीने काढून घेतली. म्हणे धूळ उडते, तुम्हाला ठसका लागतो. इतकी वर्षं उडत होती तेव्हा काही बोलला नाही. मी स्टुलावर बसून नुसती मापं सांगितली. मालक असताना कधी इतका आराम मिळाला नव्हता.

खोकं झाल्यावर त्याची सवय लावायची असते. झोपेचं औषध देऊन पाठवता येत नाही, विमानकंपनी घेत नाही. कारण वर गेल्यावर जनावर त्या औषधाने दगावू शकतं. तेव्हा जागेपणी, राजीखुशीने आत बसायला शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी त्याने वास घेतला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला मिस्त्रीच बघतोय असं वाटलं. मी आत बिस्कीट टाकलं, त्याने पंजाने बाहेर ओढून खाल्लं. मग मी आईची ती करड्या रंगाची शाल आत अंथरली, तेव्हा जाऊन बसला. आता दार लावलं तरी कुरकुरत नाही. फक्त माझी पावलं लांब गेलेली त्याला खपत नाहीत. मी दाराबाहेर गेलो की आतल्या फळीवर नखं वाजायला लागतात. आधी एका पंजाची, मग दोन्ही.

त्याच्या सवयी सांगून ठेवतो. पायऱ्या उतरताना तो डावीकडे आधाराला पाय शोधतो, तेव्हा आपण डाव्या बाजूने चालायचं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो, ओढून काढायचं नाही, आपोआप येतो. कान खाजवलेला आवडतो, पण झोपेत नाही. उठवायचं असेल तर आधी लांबून हाक मारायची. हल्ली त्याला मागून कोणी आलेलं पटकन कळत नाही आणि दचकला की दात दाखवतो. ते भीतीने, रागाने नव्हे. जावईबापूंना हे विशेष करून सांग. पोचल्यावर तिथल्या केंद्रात त्याला आठ-दहा दिवस वेगळं ठेवतात. त्या दिवसांत भेटायला देत असतील तर जा आणि बोल. काहीही बोल, भाजीचा भाव सांग, पण बोल. तू म्हणशील, बाबा, तुम्ही येणारच आहात, मग ही पोथी मला कशाला? ऐकून ठेव. ऐकल्याने काही झिजत नाही.

तुझा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. आईला शेवटी उठवत नव्हतं तेव्हा तुझा फोन आला की ती तो उशीवर ठेवायची आणि शेठला म्हणायची, "ये रे, ठमी बोलतेय." तो पलंगाच्या कडेला हनुवटी टेकून ऐकत राहायचा. तू गप्प झालीस की आईकडे बघायचा, बिघडलं का काय म्हणून. तिचा शेवटचा दिवस असाच गेला. तू तिकडून बोलत होतीस, ती उत्तर देत नव्हती, आणि मी फोन बंद केला नाही. तिला ऐकू जातंय असं डॉक्टर म्हणाले होते. गेलं का नाही, मला सांगता यायचं नाही. शेठला जात होतं, एवढं मी बघितलं. आता तू समोर उभी राहिलीस तर तो तुला ओळखेल असं मी म्हणणार नाही. फोनमधला आवाज आणि चालतं माणूस यांचा मेळ त्याला घालता येईल का, देव जाणे. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच्या लेखी तू म्हणजे उशीवरची वस्तू.

मागच्या आठवड्यात आम्हा दोघांचीही तपासणी झाली. शेठची सरकारी डॉक्टरांकडे. त्यांनी चिपवर यंत्र फिरवलं, ते टुकटुक वाजलं. दात बघितले, छातीला नळी लावली. "वयाच्या मानाने काळीज ठणठणीत," म्हणाले, आणि शिक्का मारून दाखला हातात दिला. मी शेठला म्हणालो, बघ, शाळेत न जाता पास झालास, माझ्यासारखाच. दुसऱ्या दिवशी माझी, व्हिसासाठी. मोठी इमारत, गुळगुळीत फरशी, माझ्या चपलांचा आवाज मलाच लाजवत होता. छातीचा फोटो काढला आणि बाहेर बसवलं. माझ्या आधीच्यांना डॉक्टरांनी दारातच कागद देऊन वाटेला लावलं. मला आत बोलावलं आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली. ठमे, खुर्ची पुढे ओढून बोलणारा माणूस चांगली बातमी सांगत नाही. इतकी वर्षं बुडीत गिऱ्हाइकांसमोर बसून मी हे शिकलोय. त्यांनी विचारलं, "बरोबर कोणी आलंय का?" मी म्हणालो, "आलाय, पण त्याला आत सोडत नाहीत."

आता फार फिरवत नाही. माझ्या फुप्फुसात गाठ आहे आणि ती एका जागी राहिलेली नाही. दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनीही खुर्ची पुढे ओढली. कापायची वेळ टळून गेलीय. औषधाने खोकला कमी होईल म्हणतात, बाकीचं काही म्हणत नाहीत. पुढच्या थंडीची गोष्ट मी काढली तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिकडच्या व्हिसाच्या कचेरीने माझा अर्ज फेटाळला, कालच पत्र आलं. त्यांचाही दोष नाही, असा माल मीही घेतला नसता. हे फोनवर सांगितलं असतं तर दोन वाक्यांत मला धाप लागली असती आणि ती तू ऐकली असतीस. कान तुझे माझ्यावर गेलेत. म्हणून लिहितोय. सोबत एक कागद आहे. मालक बरोबर येणार नसेल तर कुत्रा दुसऱ्याच्या नावावर करावा लागतो. जिथे फुली केली आहे तिथे सही कर आणि मिळेल त्या पहिल्या कुरियरने पाठव. त्याच्या दाखल्याची मुदत फार थोडी आहे, आणि ऊन तापायला लागलं की विमानकंपनी जनावरं घेत नाही. त्यानंतर घेतील तेव्हा त्याला पोचवायला मी असणार नाही. मिस्त्री त्याला ठेवून घेतो म्हणाला, त्याच्या बोलण्यात खोट नाही. पण घरात त्याची आई अंथरुणाला खिळलेली आणि कारखाना गळ्यात पडलेला, तिथे शेठचे पाय कोण बघणार? तू फाईल सोडून इकडे यायला निघशील हे मला कळतं. ये म्हणायचं मनात येतं, म्हणत नाही. आलीस तर तुझी तिथली इतकी वर्षं जातील, आणि मी थांबेन असं मला वचन देता येत नाही. माझं मिस्त्री बघेल. मालधक्क्यावर काल जाऊन आलो. तिथे सगळी नवी माणसं आहेत, माझा आत जायचा पास कारखाना सोडला त्या दिवशीच रद्द झाला, आणि शेठला बाहेरच्या खिडकीवर सोपवून मला तिथूनच परत फिरायचं आहे.

तुझाच,
बाबा